नऊ भोकांचं रॅक

पोवळ्याच्या तुकड्यांसाठी रॅक कसं निवडावं, हे नाशकात कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा! अंबडच्या कारखान्यात मी बारा वर्षं सुटे भाग तपासतोय. अर्ध्या मिलिमीटरची चूक मला लांबून दिसते.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत पोवळ्याचे तुकडे रॅकच्या भोकांत बसवून वाढवायचे, हा माझा छंद. पहिलं रॅक रबरी चकत्यांनी काचेला चिकटायचं. ते निसटलं आणि तुकडे वाळूत गाडले जाऊन मेले. दुसरं पायांवर उभं राहायचं, ते कलंडलं. तेव्हा माझ्या बायकोनं, तेजश्रीनं, निर्वाणीचं सांगितलं, की आता एक जरी तुकडा मेला तर टाकी घराबाहेर आणि तिथं तिचं शिलाई मशीन. म्हणून तिसरं रॅक मी महिनाभर अभ्यास करून आणलं. चुंबकानं काचेला घट्ट धरणारं, चौरस, तीन ओळींत तीन-तीन भोकं. नऊ भोकं, नऊ तुकडे. मी इतका खूश होतो की अर्ध्या इंदिरानगरला फोटो पाठवले.

मंगळवारी पहिली पाळी संपवून घरी आलो, तर दारात चपलांचा ढीग! आत माझे बाबा, म्हणजे ढुंढिराज गुरुजी, सोवळं नेसून टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभे. आयुष्यभर लोकांच्या घरी ग्रहशांती केलेला माणूस. नऊ घरांचा चौरस बघून त्यांना दुसरं काय सुचणार! माझे सगळे तुकडे उचलून त्यांनी नवग्रहांच्या जागी बसवले होते.

"लाल पोवळं तू उत्तरेला ठेवलं होतंस," ते शांतपणे म्हणाले. "मंगळ दक्षिणेला असतो. म्हणून तर आधीचे मेले."

"बाबा, हे जिवंत प्राणी आहेत. चुकीचे शेजारी आले की एकमेकांना डंख मारतात."

"मग ग्रह काय करतात?"

तेवढ्यात त्यांच्या हातातलं तांब्याचं पंचपात्र दिसलं. तांबं म्हणजे पोवळ्याला विष! टाकीत ओतलंत का, म्हणून मी ओरडलोच. बाबा दुखावले. त्यांनी ओतलं नव्हतं, काढलं होतं. माझ्याच प्लॅस्टिकच्या मगानं. तीर्थ म्हणून!

हॉलभर बसलेल्या मंडळींना पळी-पळी वाटूनही झालं होतं. ज्या पाण्यात माझे मासे सगळंच उरकतात, ते पाणी! शेजारच्या वत्सलाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, की जरा खारट आहे, पण गुडघ्याला लगेच बरं वाटलं.

तुकडे मात्र मिटून बसले होते आणि तेजश्री मोजपट्टी घेऊन टाकीची लांबी मोजत होती. पुढचे चार दिवस मी जेवणाचं ताट घेऊन टाकीसमोरच बसलो. पाचव्या दिवशी नऊच्या नऊ फुलले, पूर्वी कधी नव्हे इतके! तेजश्रीनं मुकाट्यानं मशीन बेडरूममध्ये नेलं. देवाला कसं हलवायचं, म्हणाली.

टाकी वाचली. काल मी काचेवरचं शेवाळ पुसायला बाही वर केली, तर मागून तेजश्रीचा आवाज आला.

"आंघोळ झालीय?"

"झालीय."

"सोवळ्यात?"

शेवाळ आता बाबाच पुसतात. मी लांबून नमस्कार करतो.