सॅकभर दळण

हिमालयात न्यायच्या सामानाची यादी हातात पडली त्याच संध्याकाळी गुरुदत्त प्रधानांनी ती जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवली. कानटोपी, लोकरीचे मोजे तीन जोड, हंटर बूट, टॉर्च, शिट्टी, डॉक्टरांचा दाखला. हेमाताईंनी आमटी वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिट्टी कशाला?"

"हरवलो तर वाजवायची."

"मग भाजी आणायला जाताना पण नेत जा."

गुरुदत्तांनी हे मनावर घेतलं नाही. वय चव्वेचाळीस, ठाण्याच्या नौपाड्यातल्या चार मजली, बिनलिफ्टच्या 'मैत्रेयी' सोसायटीत चौथ्या मजल्यावर बिऱ्हाड, आणि बावीस वर्षं एकाच कचेरीत एकच खुर्ची. त्या खुर्चीसमोर १९७७ सालच्या कॅलेंडरचं एक पान अजून लटकत होतं. त्यावर बर्फाचा एक डोंगर होता. डिसेंबर संपला, साल बदललं, अकरा सालं बदलली, पण ते पान काढू म्हणणाऱ्या शिपायाला गुरुदत्तांनी दर वेळी काहीतरी कारण सांगून परत पाठवलं. त्या डोंगरावर जाऊन यावं असं त्यांना फार वाटत असे, आणि ते बोलून दाखवायची त्यांना तितकीच लाज वाटत असे.

ती लाज तिसऱ्या मजल्यावरच्या सुधीर कारखानीसमुळे गेली. सुधीर आणि त्याचे मित्र दर मे महिन्यात दहा-बारा जणांना हिमाचलात घेऊन जात. सात दिवस चाल, दोन दिवस बर्फावर चालायचं शिक्षण, बरोबर तिथला वाटाड्या, आणि शेवटी नवशिक्यांना झेपेल असं सतरा हजार फुटांचं एक शिखर.

"काका, शिखर सोपं आहे, पण हिमालय सोपा नाही," सुधीर म्हणाला. "एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मुंब्र्याच्या देवीचा डोंगर. पाठीवर बारा किलो, पाऊण तासात वर. जमलं तर तुमची सीट पक्की, नाहीतर वेटिंगवर चार जण आहेतच."

सॅक मोरू शिंप्याने ताडपत्रीची शिवून दिली. सुधीरने काढून दिलेल्या चित्राबरहुकूम तिला पाठीच्या बाजूला एक चपटा, बटणांचा कप्पा होता. त्यात फोम घालायचा, म्हणजे पाठ सोलवटत नाही. फोम मात्र मोरूकडे नव्हता. "पुढच्या आठवड्यात टाकून देतो," तो म्हणाला, आणि मोरूचा पुढचा आठवडा कधी येतो हे नौपाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

आता प्रश्न आला तो सॅकमध्ये भरायचं काय याचा. गुरुदत्तांनी गच्चीवरच्या विटा आणल्या. हेमाताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"म्हणजे तुम्ही या विटा चार मजले खाली नेणार, आणि परत वर आणणार?"

"सरावासाठी."

"त्यापेक्षा गहू न्या. खाली जाताना धान्य, वर येताना पीठ."

या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गुरुदत्त हंटर बूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून, पाठीवर दहा किलो गहू घेऊन दामाजीच्या गिरणीत हजर झाले. दामाजी कोलशेतचा. त्याने सॅककडे बघितलं, बुटांकडे बघितलं, आणि काही न विचारता गहू काट्यावर टाकले.

तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या चित्रा गडकरींनी दार उघडून म्हटलं, "भावजी, तुम्ही जाताच आहात तर आमची तेवढी ज्वारी." पाचव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, ज्यांना सगळे भाऊच म्हणत, ते थालीपिठाची भाजणी घेऊन जिन्यात वाट पाहत उभे होते. दहाव्या दिवसापर्यंत प्रत्येक दाराशी पिशव्या तयार असत, आणि प्रत्येक पिशवीत चिठ्ठी: 'जाडसर', 'बारीक', 'गव्हानंतर लगेच दळू नये'. गुरुदत्त दोन खेपा करू लागले, मग तीन. हेमाताईंना काळजी वाटली, पण नवऱ्याच्या पँटी कमरेत सैल झालेल्या पाहून त्यांनी ती बोलून दाखवली नाही. गुरुदत्त तर मनातून खूश होते. चौथ्या मजल्यावर आता धाप लागत नव्हती.

एका शुक्रवारी गिरणीच्या दारातच सॅकचा पट्टा तुटला. गुरुदत्तांनी दळण दामाजीपुढे ओतलं, रिकामी सॅक मोरूकडे टाकली आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी पट्टा शिवून मिळाला. सॅक पाठीवर घेताच त्यांना मऊ लागली. मोरूने अखेर शब्द पाळला होता. गुरुदत्तांना इतकं बरं वाटलं की त्यांनी मोरूला चहा पाजला. मोरूनेही चहा कशाचा ते न विचारता पिऊन टाकला.

सोमवारी शांताबाई कारखानीसांनी, म्हणजे सुधीरच्या आईने, जिन्यात विचारलं, "गुरुदत्त, माझी नाचणी आली का रे दळून?"

"कुठली नाचणी, काकू?"

शांताबाईंचा चेहरा बदलला. "दीड किलो नाचणी. शुक्रवारी मी स्वतः तुझ्या सॅकमध्ये घातली. तू दारात उभा होतास, मी 'हलू नकोस' म्हटलं तुला."

गुरुदत्तांना 'हलू नकोस' आठवलं. नाचणी आठवेना. त्यांनी सॅक आणून उलटी करून झटकली. गव्हाचे चार दाणे पडले. मग दोघंही गिरणीत गेली.

"नाचनी नाय आली माझ्याकरं," दामाजी म्हणाला. "नाचनी आली तं आधी जातं साफ करावं लागतं. मी इसरलो असतो का?"

"मी विकत आणून देतो, काकू. दीडच्या जागी दोन किलो," गुरुदत्त म्हणाले.

शांताबाईंनी मान हलवली. "गुहागरच्या बहिणीने पाठवलेली नाचणी होती ती. मी तीनदा धुतली, मोड आणले, सावलीत वाळवली. नातीच्या सत्त्वासाठी. ती दुकानात मिळते का?"

मिळत नाही, हे गुरुदत्तांनाही माहीत होतं. ते मान खाली घालून घरी आले. त्या रात्री तिसऱ्या मजल्यावर सुधीरची सुनावणी झाली, आणि खिडक्या उघड्या असल्याने ती चारही मजल्यांना ऐकू गेली.

"जो माणूस तिसऱ्या मजल्यावरून गिरणीपर्यंत दीड किलो नाचणी धड नेऊ शकत नाही," शांताबाई म्हणत होत्या, "त्याला तू बर्फाच्या डोंगरावर नेणार? दोरीला दुसरी माणसं बांधलेली असतात ना?"

सुधीर दुसऱ्या दिवशी गॅलरीत भेटला. "काका, आईचा मुद्दा अगदीच चुकीचा नाहीये. डोंगरावर बेफिकीर माणूस चालत नाही. टेस्ट होऊ दे, मग बघू."

गुरुदत्तांना रात्रभर झोप आली नाही. अकरा वर्षं जपलेला डोंगर दीड किलो नाचणीवर अडकला होता. दुसऱ्या सकाळपासून ते प्रत्येक पिशवी वहीत लिहून घेऊ लागले, समोरच्याची सही घेऊ लागले आणि गिरणीतून परत आल्यावर पिशव्या दोनदा मोजू लागले. शांताबाईंच्या दारावरून जाताना तर ते चवड्यांवर चालत. शांताबाई दार लावून घेत.

परीक्षेच्या रविवारी मुंब्र्याच्या पायथ्याशी सुधीरने आपला आकड्याचा काटा काढून प्रत्येकाची सॅक टांगली. गुरुदत्तांनी आदल्या दिवशी दामाजीकडून बरोबर दहा किलो गहू तोलून घेतले होते, आणि सॅक दोन किलोची. काट्याने साडेतेरा दाखवले.

"दीड किलो जास्त आहे. काढून ठेवा, काका."

"असू दे," गुरुदत्त म्हणाले. बेफिकीर म्हणवून घेतलेल्या माणसाला दीड किलो काढून ठेवण्याचीही लाज वाटत होती.

ते बेचाळीस मिनिटांत वर पोचले. बारा जणांत तिसरे. कॉलेजातली दोन पोरं तेवढी पुढे होती, आणि त्यांनी शिट्ट्या मारून काकांचं स्वागत केलं. गुरुदत्तांनीही गळ्यातली शिट्टी वाजवली. देवीपुढे हात जोडताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, तुम्ही येताय," सुधीर म्हणाला. "आईला मी सांभाळतो."

त्या दीड किलोचा उलगडा मात्र सोसायटीने आपल्या परीने केला. दामाजीचा काटा कमी दाखवतो. दळणाचा दर किलोवर असल्याने भाऊंनी जिन्यात सगळ्यांना हळू आवाजात सांगितलं, "काटा आपल्याच बाजूने चुकतोय. कुठे बोलू नका." संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवरचं वर्षाचं धान्य कोठ्यांतून बाहेर निघालं. काटा दुरुस्त व्हायच्या आत ते दळून घ्यायचं होतं, आणि ते न्यायला गुरुदत्त होतेच. पुढचे बारा दिवस त्यांनी जेवढं दळण वाहिलं, तेवढ्यात कुठलंही शिखर दोनदा चढून झालं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी सुधीरने बजावलं, "ग्रॅमन् ग्रॅम वाचवा. वर प्रत्येक ग्रॅम किलोसारखा लागतो." गुरुदत्तांनी टूथब्रशचा दांडा अर्धा कापला. टॉवेलचे दोन तुकडे केले. हेमाताईंच्या एकवीस बेसनलाडवांतले सहा घेतले आणि पंधरा तिथेच खाऊन पोटातून नेले. सगळी सोसायटी त्यांना निरोप द्यायला फाटकाशी आली. शांताबाई सुधीरला दही देऊन तिसऱ्या मजल्यावरूनच परत फिरल्या. गुरुदत्तांनी वर बघून नमस्कार केला, तर खिडकीत फक्त दुपटी वाळत होती.

हिमाचलात सगळं यादीप्रमाणे झालं. ओढे झाले, तंबू झाले, बुटांना लोखंडी काटे बांधून बर्फावर चालायचं शिक्षण झालं. चौथ्या दिवशी सगळ्यांच्या पाठी सोलवटल्या. गुरुदत्तांची पाठ तेवढी शाबूत होती. आणि एका लख्ख सकाळी साडेनऊ वाजता, दोरीला बांधलेल्या पाच जणांत तिसरे असे गुरुदत्त प्रधान सतरा हजार फुटांवर उभे राहिले. समोर कॅलेंडरच्या पानावर होता तसलाच एक डोंगर होता, त्याच्यामागे तसले आणखी पन्नास. गुरुदत्त हसत होते आणि रडतही होते, आणि आपण यातलं नेमकं काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं.

सुधीरने फोटो काढला, मग पाठ चोळत विचारलं, "काका, तुमच्या सॅकला फोम कुठला आहे? पुढच्या वर्षी सगळ्यांना तोच घेऊ."

"मोरूने घातलाय. बघ की."

सुधीरने पाठीकडच्या कप्प्याची बटणं काढली आणि हात घातला. हातात आला तो पोपटाचं भरतकाम केलेला एक जुना, चपटा अभ्रा. सुधीर त्याच्याकडे बघतच राहिला.

"हा माझ्या लहानपणच्या उशीचा अभ्रा आहे."

अभ्र्याचं तोंड शिवलेलं होतं, आणि शिवणीला टाचणीने चिठ्ठी लावली होती. सुधीरने ती वाचली: 'शांताबाई कारखानीस, तिसरा मजला. नाचणी दीड किलो. बारीक दळणे. घाई नाही.'

गुरुदत्त मटकन बर्फात बसले. टूथब्रशचा कापलेला दांडा त्यांच्या डोळ्यांपुढे आला.

वाटाड्याने वाकून बघितलं. "ये क्या है, साब?"

"पिसवाना है," गुरुदत्तांच्या तोंडून निघून गेलं.

वाटाड्याने खाली, फार खाली दिसणाऱ्या दरीकडे बोट केलं. "चक्की तो नीचे है, साब."

ठाण्याला उतरल्यावर गुरुदत्त घरी गेले नाहीत. नाक सोललेलं, दाढी वाढलेली, तसेच गिरणीत गेले आणि अभ्रा दामाजीपुढे ठेवला. दामाजीने उसवून नाचणी काट्यावर टाकली.

"दीड किलो," तो म्हणाला. "माझा काटा बराबर हाय. बिल्डिंगीत सांगा तुमच्या."

त्याने जातं साफ केलं आणि बारीक दळून दिलं. गुरुदत्तांनी तिसऱ्या मजल्याची बेल वाजवली. शांताबाईंनी गरम पिठाची पिशवी हातात घेतली, चिठ्ठी वाचली, अक्षर आपलंच आहे याची चष्मा लावून खात्री करून घेतली.

"सुधीरने पुढे येऊन सांगितलं सगळं," त्या म्हणाल्या. "मागच्या कप्प्यात घातली होती मी. कप्पा तो कप्पा, मला काय ठाऊक." मग त्यांनी विचारलं, "दाणा सांडला नाही ना?"

"एकही नाही, काकू."

"मग काही हरकत नाही. दोरीला बांधण्यासारखा आहेस तू. ये, आत ये, आधी चहा घे." आणि पाठ फिरवता फिरवता त्यांनी पदराने डोळे पुसले. "घाई नव्हतीच म्हणा."

नात त्या सत्त्वावर महिन्याभरात गुटगुटीत झाली. जूनमध्ये तिला दोन दात आले, आणि ते वरच्या हवेमुळेच आले याबद्दल चारही मजल्यांचं एकमत झालं.

पुढच्या एप्रिलमध्ये सुधीरने सामानाची यादी दिली. गुरुदत्तांनी ती नेहमीप्रमाणे टेबलावर मोठ्याने वाचली. कानटोपी, मोजे, टॉर्च, शिट्टी. सगळ्यात खाली हेमाताईंच्या अक्षरात एक ओळ होती: 'चित्राच्या बाळाचे तांदूळ, पाव किलो. दळायचे नाहीत. नुसते वर नेऊन आणणे.'