जमीनवाल्यांच्या बैठकीतले बबनभाऊ

बबनभाऊंच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, पण गावात जमीनवाल्यांची बैठक म्हटली की सगळ्यांच्या आधी हजर तेच. बरं, येऊन बसावं तर तेही नाही. आम्ही सतरंजीवर मांड्या घालून बसलोय आणि हे आमच्याभोवती गरगर फिरतायत. मध्येच कुणाच्या तरी कानाशी वाकायचं आणि म्हणायचं, "आपलं म्हनून सांगतो, तुज्या बांधाची निरगुडी तोडू नको." ज्याला सांगितलं तो मान डोलावतो. मान डोलावली नाही तर भाऊ पुढच्या फेरीला परत सांगतात.

आमचं गाव मळवली स्टेशनापासून चालत जाण्याइतकं. डोंगरावरून उतरणारा ओढा आमच्या शिवारातून पुढे इंद्रायणीला मिळतो. अलीकडे त्याची पार रया गेली. काठाची झाडी आम्हीच तोडली, बांधांवर तणनाशक आम्हीच मारलं, आणि आता पावसाळ्यात पाणी काठ ओरबाडून नेतं नि होळीच्या आधीच ओढा कोरडा ठणठणीत. मग कामशेतहून एका संस्थेच्या प्राजक्ता मॅडम यायला लागल्या. म्हणाल्या, ओढा पुन्हा जिता करायचा आराखडा करू. पण तो करायचा तुम्ही, काठाला ज्यांची रानं आहेत त्यांनी. प्रत्येकानं आपल्या काठाची थोडी पट्टी मोकळी सोडायची. तिथं नांगर नाही, फवारा नाही, गुरं नाहीत. उगवेल ते उगवू द्यायचं.

आता जमीन सोडा म्हटल्यावर शेतकरी काय उड्या मारणार? "चहा झकास होता मॅडम," असं म्हणत एकेक जण उठायला लागला. बाहेर येऊन बघतो तर चपला गायब. भाऊंनी सगळ्या चपला पोत्यात भरल्या होत्या आणि पोत्यावर पाय देऊन उभे होते. "किती पट्टी सोडतो ते बोला, मंग जावा." मी चिडून म्हटलं, "भाऊ, तुमचं काय जातंय बोलायला?" बोलून बसलो आणि जीभ चावली.

कारण भाऊंचं रान माझ्या समोरच, ओढ्याच्या पलीकडच्या काठाला होतं. काकू वारल्या, मुलानं तळेगावात फ्लॅट बघितला आणि म्हणाला, आता शेती कोण करणार? भाऊंनी रान विकलं आणि चौथ्या मजल्यावर राहायला गेले. तिथं त्यांचं काय झालं ते गावभर माहीत आहे. दिवसभर लिफ्टनं वर-खाली, वर-खाली. सोसायटीच्या बागेत जाऊन माळ्याला शिकवायचे. एकदा शेजारणीच्या कुंडीतला वड काढून मैदानात लावला, त्यावरून मोठं भांडण. शेवटी एका सकाळी पहिल्या लोकलनं गावात हजर. तेव्हापासून गावठाणातल्या एका खोलीत एकटे असतात. म्हणजे रात्री असतात. दिवसा आमच्या डोक्यावर.

आराखडा सुरू झाल्यावर तर विचारू नका. कुठलं झाड तोडायचं नाही हे कळावं म्हणून त्यांनी आपलं जुनं धोतर फाडून झाडाझाडाला चिंध्या बांधायला घेतल्या. बायका हसायच्या, भाऊंची धोतरं संपली की गावाचं जंगल तयार. एकदा मी पाहिलं तर माझ्या गोठ्याच्या छपराला टेकू दिलेल्या मेढीलाही चिंधी.

"भाऊ, ही वाळकी मेढ हाय!"

"आसू दे. पानं फुटली तर?"

सखारामनं बांधावर तणनाशक मारायला पंप पाठीला लावला, तर भाऊ नळीच्या तोंडासमोर छाती काढून उभे. "मार. आदी माज्यावर मार." सखारामनं पंप उतरवला. उतरवेल नाही तर काय करेल! माझ्या बांधावर तर त्यांचा रोजचा राबता. विचारणं नाही, हाक नाही, सकाळी उठून बघावं तर भाऊ माझ्या करवंदीच्या जाळीत शिरलेले. "हिला हात लावशील तर बग," असं मलाच, माझ्याच रानात! माझं डोकं असं फिरायचं की बस्स.

मॅडमनी शिवारफेरी काढली. सगळ्यांनी मिळून ओढा चालत जायचा, काय शिल्लक आहे ते बघायचं. मॅडमचा बेत तासाभराचा. भाऊ पुढं लागले आणि सकाळी निघालेले आम्ही ऊन कलायला लागलं तरी चालतोय. करंज दाखव, उंबर दाखव, खेकड्याचं बीळ दाखव. गणपत पोटात दुखतंय म्हणून सटकला, दोघं म्हैस सुटली म्हणून पळाले, मॅडमच्या बुटाचा तळ उघडा पडला. भाऊ प्रत्येक झाडापाशी थांबत होते. फक्त एका जागी थांबले नाहीत. पलीकडच्या काठाला तारेचं कुंपण, लोखंडी गेट नि कॅमेरा लावलेलं रान आलं, तसा भाऊंनी वेग वाढवला. मान पण वळवली नाही. "हितं काय न्हाई बघायसारखं. चला, चला!"

पण बघायसारखं होतं. काठाला लागून दगड आणि सिमेंटच्या गोण्या येऊन पडल्या होत्या. ते रान घेतलेले बंगलेवाले साहेब पुण्याचे, कधीतरी शनिवारी यायचे. त्यांना थेट पाण्यापर्यंत भिंत घालायची होती. भिंत उठली की पुराचं सगळं पाणी माझ्या काठावर येणार, माझी भातखाचरं जाणार. आणि सगळ्या गावानं पट्टी सोडली तरी मधोमध काँक्रीट, मग आराखडा कसला? मॅडमनी साहेबांना फोनवर फोन केले. शेवटच्या बैठकीला येतो म्हणाले.

ती बैठक रविवारी आमच्या विहारात होती, कारण एवढी मोठी फरशी गावात दुसरीकडे नाही. फरशीवर गावाचा नकाशा रांगोळीनं काढला होता. मधून निळा ओढा, दोन्ही बाजूंना आमची रानं. प्रत्येकानं आपल्या रानात उभं राहायचं आणि जेवढी कड सोडणार तेवढ्यावर करंजाचा पाला अंथरायचा. आम्ही उभे राहिलो. भाऊ आपल्या जुन्या रानात जाऊन उभे राहिले. सरावासाठी आधी घेतलेल्या दोन बैठकांतही ते तिथंच उभे राहिले होते, आणि गावात कुणी काही बोललं नव्हतं. काय बोलणार?

साहेब आले. माणूस साधा होता, सगळ्यांना नमस्कार केला. "माझा प्लॉट कुठला?" मॅडमनी हात दाखवला आणि तसाच अर्धवट खाली घेतला.

साहेब त्या चौकोनात गेले. एका रांगोळीत दोन माणसं. "काका, जरा सरता का?" ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. त्यांना वाटलं म्हातारा चुकून उभा राहिलाय. त्यांनी सगळा व्यवहार एजंटामार्फत केलेला, भाऊंचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं.

भाऊंनी खाली बघितलं. "व्हय व्हय. तुमचंच हाय," म्हणाले आणि एक पाय उचलला. पण ठेवणार कुठं? वरच्या अंगाला सखाराम, खालच्या अंगाला गणपत, समोर मी. शेवटी ते निळ्या रांगोळीत जाऊन उभे राहिले.

"मी हितं थांबतो. ओढा कुनाच्या नावावर न्हाई."

दोघंतिघं हसले, तसं सखारामनं त्यांना ढोसलं. साहेबांच्या लक्षात काहीतरी आलं. "काका, हे रान तुमचं होतं?"

"हुतं."

"मग तुम्हीच सांगा, मी किती सोडू?"

आम्हाला वाटलं, आता भाऊ अर्धा प्लॉट मागणार. सगळ्या गावाला हुकूम सोडणारा माणूस तो. पण भाऊंचा आवाज एकदम बारीक झाला. "मला नगा इचारू, सायेब. कडंला करंज हुते. दरडीत खंड्याची बिळं हुती, दर सालाला पिल्लं निगायची. इकताना मी त्यांचा इचार केला न्हाई. आता कुटल्या तोंडानं सांगू? गावाला सांगत फिरतो ते येवड्यासाटीच. माज्यावानी कुनी करू नये."

हे आजवर त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मीसुद्धा त्यांना चोंबडा म्हातारा समजत आलो होतो, आणि त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. साहेब पाल्याच्या पाटीपाशी गेले. मग त्यांनी पाटीतला पाला ओंजळीनं घेतला आणि ओढ्याच्या कडेकडेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरला. पट्टी आम्हाला हवी होती तेवढी रुंद नव्हती, पण सलग होती. "भिंत याच्या मागं घेतो," ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी नकाशाचे फोटो काढले, आराखडा पुरा झाला, लोक पांगले.

मी केरसुणी घेऊन आलो तर भाऊ अजून ओढ्यातच.

"भाऊ, चला आता. झाडून घ्यायचंय."

"व्हय." पण हलले नाहीत. "आशोक, आता बैठका न्हाईत?"

"आता कशाला? ठरलं की समदं."

"म्हंजी आता ज्यानं त्यानं आपापल्या रानात बगायचं."

"व्हय."

त्यांनी मान हलवली आणि दाराकडे निघाले, मग परत फिरले, परत दाराकडे गेले. उद्या सकाळी उठून या माणसानं जायचं कुठं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी केरसुणी भिंतीला लावली.

"भाऊ, माझ्या काठाला काय उगवतंय ते मला एकट्याला कळायचं न्हाई. उद्या सकाळी या की माझ्या रानात."

आजवर न विचारता माझ्या बांधावर घुसत आलेला तो माणूस उंबऱ्यात थांबला.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.