सुंद्राबाई सायाळीचं विनंतीपत्र

मुलांनो, मांडी घालून बसा. एका जंगलात सुंद्राबाई नावाची सायाळ राहत होती. सात वर्षं खपून तिने एक कादंबरी लिहिली. स्वतःचाच काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि लिहायचं. पाठीवर चांगलंच टक्कल पडलं, पण कादंबरी झकास उतरली.

बाड डोक्यावर घेऊन ती हत्तीच्या प्रकाशनात गेली. हत्तीने सोंडेनेच दार दाखवलं.

"आम्ही थेट कुणाचं काही घेत नाही. एजंटामार्फत या."

"तो कुठे भेटतो?"

"तळ्यावर. एका पायावर उभा असतो."

तळ्यावर धवलराव बगळे ध्यानस्थ उभे होते. बाईंनी बाड पुढे केलं. त्यांनी एक डोळा किलकिला केला.

"आधी विनंतीपत्र. पळसाच्या एका पानावर मावेल एवढंच. पुस्तक कशावर आहे, वाचणार कोण, तुम्ही कोण. पत्र आवडलं तर पुस्तक मागवू."

"अहो, सात वर्षांचं काम एका पानावर कसं मावेल?"

"ज्यांचं मावत नाही, त्यांचं आम्ही घेत नाही." डोळा मिटला.

पहिल्या पत्रात बाईंनी आजोळापासून सुरुवात केली. कादंबरी यायच्या आत पान संपलं. दुसऱ्यात लिहिलं, 'माझं पुस्तक सर्वांना आवडेल.' दोन्हींना एकच उत्तर आलं. 'लेखन उत्तम आहे. सध्या आमच्या यादीत बसत नाही. शुभेच्छा.'

बाई हमसून हमसून रडल्या. शेजारची मंजुळा खार धावत आली.

"अगं, इतकी नम्र काय राहतेस! लिही, 'वाचून वाघ रडला.'"

"पण वाघाला वाचता कुठे येतं?"

"म्हणूनच तो नाही म्हणायला येणार नाही!"

बाईंना ते पटलं नाही. पण इरेला पेटल्या. कादंबरी बिळाच्या मागच्या कोपऱ्यात गेली आणि सगळी प्रतिभा पत्रात ओतायला सुरुवात झाली. दोन वर्षं त्या एकेक शब्द घासत बसल्या. तिसाव्या पत्राला धवलरावांचं उत्तर आलं, 'पत्र अप्रतिम! पुस्तक ताबडतोब पाठवा.'

बाई धावतच मागच्या कोपऱ्यात गेल्या. बाडाला हात लावला, तर हाती नुसता भुगा आला. अख्खी कादंबरी वाळवीने फस्त केली होती.

बाई मटकन खाली बसल्या. भुग्यातून एक म्हातारी वाळवी वर आली.

"तुम्हीच का लेखिका? बाई, तिसऱ्या प्रकरणात आमच्या सबंध वारुळाचा गळा दाटून आला हो."

बाईंनी डोळे पुसले. राहवेना म्हणून विचारलंच, "आणि शेवट?"

"शेवटाला जरा घाई झाली. पण आम्ही एक अक्षर सोडलं नाही."

बाईंनी तळ्यावर जाऊन खरं काय ते सांगितलं. "माझ्याकडे आता फक्त पत्र उरलंय."

"मग अडलंय कुठे?" धवलराव म्हणाले.

पुस्तक निघालं. पाठीवर पत्र, आत कोरी पानं. बघता बघता तीन आवृत्त्या संपल्या. प्रकाशन समारंभात हत्ती म्हणाला, "आतली शांतता मला फार भावली." घुबडाने त्यावर लांबलचक लेख लिहिला. मंजुळा सगळ्यांना सांगत सुटली, की आपण ते एका बैठकीत वाचून काढलं.

बाईंच्या गळ्यात हार पडले. तिसऱ्या प्रकरणाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

म्हणून हल्ली रोज संध्याकाळी बाई वारुळापाशी जाऊन बसतात. तिथे त्यांच्या कादंबरीवर कडाक्याची भांडणं होतात. नायिकेने माहेरी परत जायला हवं होतं की नको, यावरून वारुळात दोन तट पडलेत. बाई मान डोलावत ऐकतात. फार सुखात असतात.

तात्पर्य : पत्र नीट लिहावे, पुस्तक नसले तरी चालते. मात्र शेवटपर्यंत वाचणारा वाचक हवाच असेल, तर बाड ओलसर जागी ठेवावे.