शेपटीवरचा डोळा

"ह्या पोळ्याला समद्या गावाची तोंडं बंद करतो का न्हाई, बघाच!" मच्छिंद्रानं चावडीसमोर छाती ठोकून सांगितलं आणि गाव हसून हसून लोळलं.

गावाचा तरी काय दोष? पारनेरकडच्या त्या खडकाळ मुलखात समुद्र बघून आलेला हा एकटाच गडी! बोटीवर भांडी घासायला गेला होता. बोट बिघडून एका बेटापाशी अडकली आणि तिथल्या उथळ पाण्यात, पोवळ्याच्या खडकांतून फिरणारे रंगीत मासे यानं पोटभर बघितले. असलं काही बघून आलेला माणूस गप्प बसेल होय?

"एक मासा हाय पोपटाच्या चोचीचा. दगड कुरतडून खातो अन् मागनं पांढरी वाळू टाकतो!"

"आरं मंग दुष्काळात खडी फोडायच्या कामावर का न्हाई आनलास त्याला? आमच्या हातांचे फोड तरी वाचले असते!"

"दुसरा नारिंगी, अंगावर पांढरं पट्टं. त्यांच्यात बायकू मोठी अन् नवरा बारका. समदा कारभार बायकूचा!"

बायका पदर तोंडाला लावून खुसखुसल्या. पुरुषांनी नुसती तंबाखू थुंकली.

"अन् तिसरा पिवळाधमक! खरा डोळा काळ्या पट्ट्यात दडलेला, अन् शेपटापाशी दुसरा खोटा डोळा. दुश्मनाला कळतच न्हाई, तोंड कंचं अन् बूड कंचं!"

झालं! गावानं त्याचं नाव 'थापाड्या' ठेवलं. तेही त्यानं सोसलं असतं, पण ते नाव आसाराममामाच्या कानावर गेलं. मामाची मनकर्णा लहानपणापासून मच्छिंद्रालाच द्यायची ठरलेली. आणि मच्छिंद्राचा तर तिच्यावाचून घास गिळत नव्हता!

"थापाड्याच्या घरात पोर देऊ व्हय?" मामा गरजला. "कोल्हारच्या बागाईतदाराचं स्थळ आलंय. पोळ्याला पाव्हणे येत्यात. तवर तुझ्या माशांतलं येक तरी खरं करून दाव! कोन येडं फसतंय खोट्या डोळ्याला, मलाबी बघू दे!"

"मामा, फसलेला मानूस दावला तर?"

"तर पोर तुझी! मर्दाचा शब्द हाय!"

चावडीसमोर छाती तर ठोकली, पण आता फसलेला माणूस आणायचा कुठून? मच्छिंद्रानं विचार केला, निदान मासा कसा दिसतो ते तरी दाखवू. पोळ्याच्या दिवशी त्यानं आपला पांढराशुभ्र हरण्या बैल धुतला आणि रंगवायला घेतला. दुष्काळानंतरचा पहिला पोळा, गावानं हौसेला काही कमी केलं नव्हतं. कुणी शिंगांना बेगड लावली, कुणी पाठीवर गेरूचे ठिपके काढले. आणि ह्या पठ्ठ्यानं हरण्याला नखशिखांत हळदीनं पिवळा केला! डोळ्यांवरून काजळीचा काळा पट्टा ओढला. मागच्या दोन्ही फऱ्यांवर थाळीएवढे डोळे काढले, आणि कपाळावर बांधायचं बाशिंग, गोंड्यांसकट, चक्क शेपटाच्या वर बांधलं!

"आरं, बैल हाय का उलटा नवरदेव?" गाव खिदळलं.

मच्छिंद्रानं लक्षच दिलं नाही. दिवे लागायच्या वेळेला मिरवत मिरवत तो मामाच्या दारात आला. ओट्यावर कोल्हारचे पाहुणे बसलेले. मामानं नवा फेटा बांधलेला, पण चष्मा नाही! पाहुण्यांनी म्हातारा म्हणू नये म्हणून चष्मा खुंटीवर आणि मामा नुसत्या तोऱ्यावर. त्यात गुलालाची धूळ, डफांचा दणका. डफ कानाशी वाजला तसा हरण्या बुजला, गर्रकन फिरला आणि मामाकडं बूड करून उभा राहिला!

मच्छिंद्र तोंड उघडतो तोवर मुक्तामामीच्या हातातलं ताट मामानं घेतलं. "सरका! बैलाचा मान मी करतो!" पाहुण्यांना ऐट दाखवायची होती ना!

मामानं बाशिंगाखाली कुंकू लावलं. मनोभावे ओवाळलं. नमस्कारसुद्धा केला! मामीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. सगळं गाव श्वास रोखून बघत होतं. मामानं तुपानं थबथबलेली पुरणपोळी पुढं धरली आणि मायेनं म्हणाला, "खा माझ्या राजा! लाजतूस काय? आ कर!"

हरण्यानं शेपूट वर केलं.

पुढचं काय सांगू! पोळी गेली, ताट गेलं, कोपरापर्यंत हात गेला आणि नवं कोरं धोतर हिरवंगार झालं! कोल्हारचे पाहुणे ओट्यावरून गडगडत खाली आले. "आवं आसारामराव, तोंड तिकडं हाय!" त्यातला एक तर पोट धरून मातीतच बसला.

मामा दातओठ खात काठी शोधायला लागला. मच्छिंद्राला वाटलं, संपलं आता! पोर गेली कोल्हारला!

तेवढ्यात मनकर्णा उंबऱ्यावर आली. "आबा, काठी नंतर. आदी सांगा, फसलेला मानूस दावायचा हुता ना? मंग ह्यो कोन?"

मग गावानं असा कल्ला केला, की विचारू नका! "खरा मासा! खरा मासा!" पाहुणेच म्हणाले, "आसारामराव, शब्द दिला आसंल तर पाळा. तुमी फसल्याला आमीबी साक्षी हाय." मामानं हिरव्या हातानं फेटा सावरला (तोही हिरवा झाला) आणि पुटपुटला, "दिली पोर. पन आसला मासा माझ्या दारात पुन्यांदा आनू नको!"

काय तो आनंद! गुलाल उधळला, मच्छिंद्राला खांद्यावर घेऊन गावानं वेशीपर्यंत नाचवलं. मासे बघून आलेला माणूस म्हणून कालची टवाळ पोरं त्याच्या पाया पडायला लागली. मच्छिंद्राला तर आभाळ ठेंगणं झालं!

फिरून मामाच्या दारात आला, तर मनकर्णा वाट बघत उभी. हातात धोतराचं गाठोडं.

"अवं," ती पहिल्यांदाच म्हणाली. मच्छिंद्र विरघळला. "त्यो नारिंगी मासा, बायकूचा कारभार आसलेला, त्योबी खराच आसंल?"

मच्छिंद्रानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळं गाव कान टवकारून उभं! खोटं म्हणावं तर पुन्हा थापाड्या.

"व्हय," तो म्हणाला, "खराच हाय."

"मंग आबांचं धोतर धुवून आना. अन् बैलबी."