तिसरे बेअरिंग

सायकल दुरुस्तीच्या दुकानात, काउंटरवर तीन गंजलेली बेअरिंग्ज पडली होती. मी दुकानाचे मालक उस्ताद लिन यांच्याकडे रोखून पाहत होतो. उस्ताद त्या गंजाकडे. माझा संताप झाकण दाबून धरलेल्या किटलीसारखा खदखदत होता. उभ्या ताइचुंग शहरात माझ्या सायकलीइतकी लखलखीत सायकल दुसरी कुणी दाखवावी, मी शाळेतली नोकरी सोडून देईन! तरीही पाच महिन्यांत पेडलच्या आसाचे हे तिसरे बेअरिंग खलास!

आणि येत्या शनिवारी मला सायकलने आमच्या अख्ख्या बेटाची प्रदक्षिणा करायची होती. नऊ दिवस, माझ्या वाग्दत्त वधूच्या, यिचेनच्या, वडिलांबरोबर. माझ्या या होणाऱ्या सासऱ्यांची, वू काकांची, अट स्वच्छ होती: मागे न पडता जो सोबत परतेल, तोच जावई. माझे पाय तयार होते हो! पण सायकल? ती दर पेडलला अशी कण्हत होती, जणू अख्ख्या शतकाचे दुःख तिच्याच आसात येऊन साचले आहे!

“बनावट माल खपवता तुम्ही!” मी कडाडलो.

“सर, वजन किती तुमचं?”

“माझ्या वजनावर येऊ नका!”

“बरं. पावसात उभी असते का?”

“माझ्या पलंगाशेजारी असते!”

“मग धुतं कोण?”

“वू काका. मोटारी धुण्याचं केंद्र आहे ना त्यांचं! दर रविवारी स्वतः फवारा मारतात, मोठ्या पंपानं. आसावर तर दहा-दहा मिनिटं!”

उस्तादांनी डोळे मिटून घेतले. “त्या दाबानं पाणी सीलमधून आत घुसतं, सर. ग्रीस वाहून जातं, मग गंज. सोन्याचं बेअरिंग बसवलं तरी दोन महिन्यांत हेच!”

माझा राग क्षणभर बेघर झाला. मग त्याला नवा पत्ता सापडला.

“म्हणजे त्या म्हाताऱ्यानं? आणि मी दर रविवारी त्याला अननसाच्या वड्या नेतो! ‘काका, किती मायेनं धुता’ म्हणतो!”

उस्ताद भुवया उडवू लागले. त्या सहानुभूतीने मला आणखीच चेव आला.

“ट्रक आणि सायकल यांतला फरक कळत नाही, आणि हा मला पारखणार!”

उस्ताद खोकले. दोनदा.

“खोकताय काय, हसा! नऊ दिवस त्या पाणक्याच्या मागे फरफटायचं मी!”

उस्तादांनी हताशपणे हनुवटीने दाराकडे खूण केली. मी वळलो.

दारात वू काका उभे होते. हातात दोन कोरे करकरीत झेंडे, सायकलींच्या मागे लावायचे. दोन्हींवर ठसठशीत अक्षरांत ‘बेटप्रदक्षिणा’.

“काका,” अननसाच्या वडीहून गोड आवाजात मी विचारले, “शनिवारी किती वाजता निघायचं आपण?”

वू काकांनी माझ्याकडे पाहिले. मग त्या तीन बेअरिंग्जकडे. आणि दोन्ही झेंडे काखेत मारून ते चालते झाले.