साळिंदर, जांभूळ आणि बहुमताचा ओंडका

एका जंगलात, मुलांनो, एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती. हसू नका. तुमच्या शाळेबाहेरच्या भेळवाल्याचीही असेल.

जांभळाचे एक मोठे झाड, एवढीच कंपनीची मालमत्ता. भागीदार तीन. रानडुक्कर धिप्पाडराव, त्यांचे साडू थुलथुलराव आणि साळिंदर काटेनाना. झाड मोठे हट्टी होते. वरच्या फांद्या गदागदा हलवल्याशिवाय एक जांभूळ सोडायचे नाही. आणि झाडावर चढता तिघांपैकी एकालाही येत नव्हते. कंपनी काढताना हे कोणाच्या लक्षात आले नाही. असल्या गोष्टी आधी लक्षात येत गेल्या तर कंपन्या निघतीलच कशा?

सभा झाडाखालीच भरायची. एका दगडावर लांब ओंडका आडवा टाकलेला होता. ठराव मान्य असेल त्याने एका टोकावर बसायचे, नसेल त्याने दुसऱ्या. जे टोक खाली जाईल ते बहुमत.

"यंदा नफा वाटायचा नाही," धिप्पाडराव म्हणाले.

"माझा विरोध आहे," म्हणत नाना आपल्या टोकावर जाऊन बसले.

दोघे साडू पलीकडच्या टोकावर धपकन बसले. नाना हवेत उडाले, जांभळाच्या फांद्यांतून आरपार गेले आणि गवतात पडले. खाली जांभळांचा सडा पडला. साडूंनी तो बसल्या जागी फस्त केला.

नाना लंगडत घरी गेले. त्यांच्या काट्याकाट्यावर टपोरे जांभूळ टोचलेले होते. नानी परात घेऊन दारातच उभ्या होत्या.

"हरलात ना? बरं झालं. पाठ करा इकडे."

"अगं, माझा अपमान झालाय."

"तो नंतर सांगा. आधी वाकून बसा."

पुढच्या सभेत धिप्पाडरावांच्या पत्नीला चिखल-सल्लागार नेमले. त्यापुढच्या सभेत नानांना संचालकपदावरून काढले. दोन्ही वेळा नाना उडाले. घरात जांभळे मावेनात, पण नानांच्या घशाखाली एक उतरेना. आपल्याच कंपनीत आपला चेंडू झाला, हे त्यांना फार लागले होते. शेवटी त्यांनी घुबडाच्या न्यायालयात दावा लावला.

घुबडाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि मान गरकन फिरवली.

"अल्पमताला उडवणे ही दडपशाही आहे. नानांच्या टोकाला दगड बांधा. यापुढे सगळे समान पातळीवर बसतील."

नाना जिंकले. माकडांनी ताशे वाजवले.

पुढच्या वर्षी जांभूळ लगडले आणि सभा भरली. तिघे ओंडक्यावर बसले. ओंडका हलेना. ठराव मंजूर होईना, नामंजूरही होईना. कोणी उडेना आणि झाड काही सोडेना. तिघे समान पातळीवरून वर बघत राहिले. वर बुलबुलांची पंगत बसली होती. त्यांच्यातल्या एकाकडेही कंपनीचा शेअर नव्हता.

घरी नानी परात घेऊन उभ्याच होत्या.

"आज काय आणलंत?"

"समान दर्जा."

"तो धुऊन घ्यायचा, की तसाच खायचा?"

दुसऱ्या दिवशी नाना पुन्हा घुबडापुढे उभे राहिले.

"अहो, तुम्ही तर जिंकला होतात," घुबड म्हणाले.

"हो महाराज. तेच तर गाऱ्हाणं आहे. माझ्यावरचा अन्याय मला परत मिळावा."

मागे दोघे साडू जोरजोरात माना डोलावत होते. कंपनीत एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. घुबडाने पुढची तारीख दिली, हिवाळ्यातली.

तात्पर्य : अल्पमतात असाल तर न्यायासाठी प्राणपणाने लढा. मात्र वकील असा गाठा, की जन्मात निकाल लागता कामा नये.