देवरामचं अर्थिंग

"विहिरीवरच्या मोटारीचा नुसता आवाज ऐकून कोणता फेज गेलाय ते सांगतो मी! मला विजेतलं काय सांगता?"

मखमलाबादचा देवराम हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी बोलायचा. झेंडू-शेवंतीची शेती, नाशकाच्या फुलबाजारात नाव, पण माणसाला गर्व कशाचा? तर विजेच्या ज्ञानाचा! दोन हजार पाचच्या मे महिन्यात लग्नसराईने फुलांना भाव आला आणि देवरामने घरात होम थिएटर आणून टाकलं. पाच स्पीकर, डीव्हीडी प्लेअर आणि धान्याच्या कोठीएवढा एक दणदणीत डबा. त्याची बायको छाया तीन वर्षांपासून दळणासाठी घरघंटी मागत होती. ती मात्र दुकानातच राहिली.

रविवारी थाटात सिनेमा लावला. हिरोने बोलायला तोंड उघडलं, तोच सगळ्या स्पीकरमधून एकदम आवाज आला, घुंऽऽऽ!

"अहो, आत भुंगा शिरला का?" छायाने विचारलं.

"लाइन घाण आहे," देवराम म्हणाला. "करंट गाळून घ्यावा लागतो."

"चहासारखा?"

"तसंच समज!"

झालं! दुसऱ्या दिवशी फुलं विकून स्वारी थेट दुकानात. दुकानदार म्हणाला, स्पाइक गार्ड लावा, लोण्यासारखा करंट येईल. लावला. घुंऽऽऽ! मग म्हणाला, स्टॅबिलायझर हवा. आणला. त्याने तर भुंग्याला साथ द्यायला मधूनमधून 'टक्! टक्!' सुरू केलं. मग फिल्टर नावाचा एक जड डबा आला. त्यात करंट गाळला जातो म्हणे. भुंगा काही गाळला गेला नाही. टीव्हीसमोर एवढे डबे आणि एवढ्या वायरी झाल्या, की केर काढायला कुंचा फिरेना.

छायाने पदर खोचला. "हे बघा, दुकानदाराने आठ दिवसांत परत घेईन असं सांगितलंय ना? येत्या रविवारपर्यंत तुम्ही हा आवाज बंद करून दाखवला, तर राहू द्या सेट. नाहीतर सगळं बाडबिस्तर दुकानात परत, आणि माझी घरघंटी घरात. बोला!"

"रविवार कशाला? गुरुवारीच बंद करतो!" देवराम म्हणाला. बोलून तर गेला! अख्ख्या फुलबाजाराला त्याने सिनेमा बघायला यायचं आवतण देऊन ठेवलं होतं. सेट परत गेला तर तोंड दाखवायची सोय नव्हती.

नाइलाजाने त्याने मेव्हण्याला फोन लावला. छायाचा भाऊ सोमनाथ सिन्नरच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. संध्याकाळी येऊन त्याने भिंतीतला प्लग उघडला आणि हसतच सुटला.

"दाजी, स्पाइक गार्ड काय करतो? जादा करंट आला की तो जमिनीत सोडतो. तुमच्या घराला अर्थिंगच नाही! तिसऱ्या पिनची वायर भिंतीत नुसतीच लोंबतेय. न्हाणीघर चकाचक बांधलंय आणि मोरीच ठेवली नाही, असं झालंय हे!"

"ते मला ठाऊकच होतं," देवराम म्हणाला.

"मग घरामागे खड्डा घ्या. तळाला तांब्याची प्लेट, तिची तार भिंतीतल्या त्या लोंबत्या वायरीला जोडा, प्लेटवर खडेमिठाचा थर, कोळशाचा थर, पुन्हा मीठ, पुन्हा कोळसा. आणि रोज पाणी. रविवारी येऊन बघतो."

बुधवारी देवरामने छातीइतका खड्डा घेतला. पंधरा किलो खडेमीठ, पोतंभर कोळसा, सगळं शिस्तीत भरलं. सोमनाथने शिकवल्याप्रमाणे बल्ब लावून बघितला. अर्थिंग चांगलं असेल तर लख्ख पेटतो म्हणे. हा काजव्यासारखा लुकलुकला आणि आतमध्ये घुंऽऽऽ चालूच!

"पाणी मुरलं नाही अजून!" असं म्हणून त्याने आईला हाक मारली. "आई, मी पहाटे बाजारात जातो. तू इथं रोज दोन बादल्या पाणी घालत जा."

सखुबाई, म्हणजे देवरामची आई, खड्ड्याकडे बघतच राहिली. "आरं, जमिनीत मीठ? लय वंगाळ! जमीन खारवंल ना!"

"तुला नाही कळायचं त्यातलं. तू फक्त पाणी घाल!"

गुरुवार गेला, भुंगा तसाच. शुक्रवारी देवरामला जेवण गोड लागेना. छाया मात्र स्वयंपाकघरात टेप लावून घरघंटीची जागा मोजत होती. शनिवारी दुपारी तो बाजारातून आला, सेट लावला, आणि... आवाज नाही! पुन्हा बंद करून लावला. नाहीच! हिरोचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. आनंदाने देवरामने सोफ्यावर बसल्याबसल्या दोन उड्या मारल्या.

"बघ! हे असतं ज्ञान!"

छायाने टेप गुंडाळला.

रविवारी सोमनाथ जेवायला आला. भाजलेले पापड, आमरस, कुरडया असा बेत झाला आणि मग सगळे घरामागे गेले. खड्ड्यावर ओलं गोणपाट होतं. सोमनाथने वायर जोडली आणि बल्ब असा लख्ख पेटला, की भर उन्हात डोळे दिपले.

"बाप रे! दाजी, असं अर्थिंग आमच्या कारखान्यात नाही! केलं काय तुम्ही?"

देवरामने मिशीवर हात फिरवला. "थरांचं गणित असतं, सोमनाथ. मीठ किती, कोळसा किती, ते हाताला कळावं लागतं. शेवटी अनुभव..."

तेवढ्यात सखुबाई बादली घेऊन आल्या. त्यांनी गोणपाट बाजूला सारलं आणि शेणाचं पाणी भसाभसा ओतलं. खड्ड्यात हिरवंगार दुधीभोपळ्याचं रोप डोलत होतं!

"आई! हे काय?"

"दुधी हाय. दिसंना व्हय?"

"माझं मीठ कुठं गेलं?"

"काढलं शुक्रवारी. चांगल्या जमिनीत मीठ घालत्यात का? म्हशीवाल्या गोटीरामला देऊन टाकलं, त्याच्या म्हशी चाटत्यात. त्याच्याकडनं पोतंभर शेणखत घेतलं, आन गाळाची काळी माती घालून परसातलं दुधीचं रोप आणून लावलं. तांब्याचं ताट तेवढं खाली घट्ट होतं, ते राहू दिलं."

"आणि कोळसा?"

"आत्ता पापड कशावर भाजले मग?"

सोमनाथ पोट धरून खालीच बसला. हसू आवरल्यावर म्हणाला, "दाजी, मावशींनी एक नंबर काम केलंय! तुमचा मीठ-कोळसा कोरडा ठणठणीत राहिला असणार. काळी माती, शेणखत आणि रोज पाणी, ओल धरून राहिली आणि करंटला वाट मिळाली!"

"चार बादल्या घालते रोज," सखुबाई म्हणाल्या. "दोनमध्ये दुधीचं काय भागतंय?"

देवराम सावरून म्हणाला, "ते काहीही असो. आवाज रविवारच्या आत बंद झाला. सेट राहिला!"

"थांबा," छाया म्हणाली. टेप पुन्हा तिच्या हातात आला होता. "'तुम्ही' बंद करून दाखवला तर, असं ठरलं होतं. तुम्ही केलेलं तर म्हशींनी चाटून संपवलं!"

देवरामने मेव्हण्याकडे बघितलं. मेव्हणा दुधीकडे बघत होता. त्याने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "सून बरोबर बोलती. आन माझ्या खड्ड्यावर घरघंटीपण चालंल!"

शेवटी तडजोड झाली. सेट राहिला, पण सोमवारी घरघंटीही आली. सिनेमात हिरो रडायला लागला, की छाया नेमकं दळण टाकते. भुंगा गेला आणि घर्रर्र आलं.

ही हकीगत दुकानदाराच्या कानावर गेली. स्पीकर घुमतात म्हणून कोणी तक्रार केली, की तो आता सरळ देवरामचा नंबर देतो. फोन आला की देवराम घसा खाकरतो आणि सुरुवात करतो, "त्याचं काय आहे, विहिरीवरच्या मोटारीचा नुसता आवाज ऐकून मी..."

"ते राहू द्या हो," पलीकडचा माणूस म्हणतो. "खड्ड्यात काय घालायचं, तेवढं सांगा."

मग देवराम रिसीव्हरवर हात ठेवतो आणि मागच्या दाराकडे तोंड करून ओरडतो, "आईऽ! तुझा फोन!"